टँकरवाल्याचा पाय

वहिनी इंजिनाला हात लावत नसत. "गाडी जोरात पळवून देणारे पुष्कळ भेटतील," असं त्या गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकायच्या. "वळवायची आणि थांबवायची असेल तर गाडी आत घ्या." बोलण्यात आर्जव नावालाही नसे. गिऱ्हाईक मुकाट्याने गाडी आत घेई.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवऱ्याचा मित्र. तो वहिनी म्हणायचा, म्हणून दुसरा म्हणायला लागला, मग पाटीवर वेगळं नाव असूनही सगळे "वहिनींचं गॅरेज" म्हणू लागले. त्यांच्या वडिलांच्या वयाची माणसं वहिनी म्हणत. एकदा तर सख्ख्या भावाने फोनवर वहिनी म्हणून हाक मारली आणि दोघांच्याही ते बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

येणारी गिऱ्हाइकं साधीसुधी नव्हती. आठवडाभर नाकासमोर चालणारी, सिग्नलला थांबणारी ही माणसं. पण सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरचा गोलाकार ट्रॅक भाड्याने मिळाला की आपापल्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन तिथे जायची आणि मन भरेपर्यंत पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, हौस मात्र दांडगी. त्यांतले दाताचे डॉक्टर सगळ्यांत हौशी. दवाखान्यात इतका हळुवार हात असलेला हा माणूस गाडीत बसला की ब्रेकवर असा उभा राही, जणू पेडलखाली साप आहे.

या सगळ्यांच्या गाड्यांच्या स्प्रिंगा, शॉकअप, ब्रेक आणि टायर वहिनींच्या हाताखालून जात. ट्रॅकवरून गाडी आली की त्या टायरवर तळहात फिरवत. रबर कुठे खरवडलंय, कुठे गुळगुळीत आहे, एवढ्यावरून त्या सांगत की हा माणूस तिसऱ्या वळणाला घाबरतो. आणि तो घाबरत असे. त्यांचं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नम्रपणाचा आव आणायला त्यांना सवड नव्हती.

त्यांचा नवरा नेमका उलट. तो विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचा. दिवसभर चेपलेले दरवाजे आणि फुटलेल्या काचा बघून संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याला उभं जग चेपलेलं दिसू लागे. त्यामुळे त्याच्या वडिलांनी घराच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तेव्हा त्याने रंग किती गेला हे पाहिलंच नाही. त्याने थेट वडिलांच्या वयाकडे पाहिलं.

"बाबा, आता पुरे. किल्ली माझ्याकडे द्या."

बाबा जेवत होते. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले. "का रे?"

"आज खांब होता. उद्या माणूस असेल."

बाबांनी जन्मभर दुधाचा टँकर चालवला होता. अर्धा भरलेला टँकर हे भलतं जनावर असतं. जरा जोरात ब्रेक दाबला की आतलं दूध पुढे धावतं आणि सगळा टँकर ढकलत नेतं. म्हणून बाबांचा पाय ब्रेकवर पडायचा तो झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. लांबूनच, हलका, हळूहळू वाढत जाणारा. ते निवृत्त झाले, पण पाय निवृत्त झाला नाही. ते भाजी आणायला निघाले तरी मागे दूध असल्यासारखे चालवत.

आणि गाडी त्यांना हवी होती ती मिरवायला नव्हे. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. तिचे गुडघे गेलेले. बाबा रोज सकाळी जाऊन तिला गाडीत बसवायचे, तळ्यापर्यंत फिरवून आणायचे, दोघं भांडायचे आणि बाबा परत यायचे. किल्ली गेली असती तर हे भांडण मुलाच्या सवडीवर आलं असतं, आणि मुलाला सवड नसायची.

बाबा आवाज चढवणारे नव्हते. ते म्हणाले, "असं करू. सूनबाईंची ती ठेंगणी गाडी घेऊन मी ट्रॅकवर फिरून येतो. सगळ्यांसमोर. नीट आलो, तर किल्लीचं नाव काढायचं नाही. वेडंवाकडं झालं, तर मी माझ्या हाताने आणून देईन."

मुलगा हसला. बाबा आयत्या वेळी माघार घेतील, असा त्याचा होरा होता.

"हसतोस काय?" वहिनी म्हणाल्या. "गाडी मी सेट करून देते. बघू काय होतं ते."

ती ठेंगणी गाडी म्हणजे वहिनींचा जीव की प्राण. भंगारात निघालेली दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स गाडी त्यांनी स्वतः उभी केली होती. गॅरेजची जाहिरात म्हणून ती त्या ट्रॅकवर नेत आणि गिऱ्हाइकांना चालवायला देत. पण आता ती बाबांसाठी तयार करायची होती, आणि वहिनींनी कंबर कसली.

त्यांनी गाडी चार वजनकाट्यांवर चढवली, एकेका चाकाखाली एकेक, आणि बाबांना आत बसवलं. चालवणाऱ्याचं वजन गाडीत असल्याशिवाय कुठल्या चाकावर किती भार येतो ते खरं कळत नाही. बाकीचे लोक त्यासाठी सीटवर वाळूची पोती ठेवतात. वहिनींना पोतं मंजूर नव्हतं.

"बाबा, श्वास सोडा. पोट आत धरलं म्हणून काटा फसत नाही."

"मी धरलेलं नाही."

"धरलंय. सोडा."

बाबांनी सोडलं. काटा हलला. वहिनी गाडीखाली शिरल्या, स्प्रिंगचं कडं पान्याने थोडं फिरवलं, बाहेर येऊन आकडे पाहिले, परत शिरल्या. बाबा आत बसून चहा पीत राहिले. कप संपल्यावर त्यांनी तो खिडकीतून पुढे केला, तर वहिनी ओरडल्या, "रिकामा कप आतच असू दे, आत्ताच कुठे जुळलंय!" शॉकअप त्यांनी थोडे कडक केले. टायर नवे कोरे चढवले आणि हवा जरा कमीच ठेवली, कारण ट्रॅकवर टायर तापतात आणि हवा आपोआप वाढते. सगळ्यांत शेवटी त्या ब्रेककडे वळल्या. आधीचे साधे पॅड काढले आणि कपाटातून खास शर्यतीच्या गाड्यांसाठी केलेले पॅड आणले. मागच्याच आठवड्यात हे पॅड लावून दाताच्या डॉक्टरांनी हीच गाडी चालवली होती आणि उतरल्यावर ते म्हणाले होते, "वहिनी, ही थांबत नाही, गोठते."

"आधीचे वाईट होते का?" बाबांनी विचारलं.

"वाईट नव्हते. पण तुम्ही जाणार आहात. तुमच्यासाठी सगळ्यांत चांगले."

बाबांनी मान डोलावली. सूनबाईंनी केलं म्हणजे त्यात बघायचं काही उरत नाही, अशी त्यांची खात्री होती. वहिनींची तर होतीच.

ट्रॅकच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. कठड्याला टेकून आठ-दहा गिऱ्हाइकं उभी होती. नवरा औषधांची पेटी घेऊन आला होता, आणि ती वहिनींना दिसू नये म्हणून पाठीमागे धरून उभा होता. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं तेव्हा त्यांचे गाल पुढे आले आणि ते एकदम रागावलेल्या बाळासारखे दिसू लागले. वहिनींना हसू आवरेना.

पहिल्या फेऱ्या बाबांनी सावकाश मारल्या. "आजोबा हवा खायला निघाले," कुणीतरी म्हणालं. पण डॉक्टर हसले नाहीत. ते बघत होते. गाडी वळणाजवळ येई आणि तिचं नाक जराही खाली जात नसे. ब्रेक कधी लागला आणि कधी सुटला, ते बाहेरून कळायचंच नाही. वहिनींची छाती फुगली. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि नवरा मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

मग बाबांना धीर आला. त्यांनी वेग वाढवला. लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी सुसाट आली, वळणाच्या बरंच अलीकडे मागचे लाल दिवे लागले, म्हणजे बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला होता. दिवे लागलेलेच राहिले, पण वेग काही उतरेना. वहिनी कठड्यावरून पुढे वाकल्या. गाडी वळायला लागली, रुंद गेली, आणखी रुंद गेली, आणि बाहेरच्या खडीत शिरून धुरळा उडवत उभी राहिली.

नवरा पेटी घेऊन धावला. आता ती लपवायचं भान त्याला नव्हतं. वहिनी त्याच्याही पुढे होत्या.

बाबा स्वतःच बाहेर आले. त्यांना खरचटलंही नव्हतं. हेल्मेट काढून त्यांनी केस सारखे केले, बुटातला एक खडा काढून टाकला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "पाय कमी पडला."

गाडी दोरीने ओढून परत आणली. मग सगळ्यांसमोर बाबांनी खिशात हात घातला आणि आपल्या गाडीची किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. "शब्द म्हणजे शब्द." आवाज अगदी साधा होता. मुलगा जिंकला होता, पण त्याचा चेहरा पार पडला होता. किल्ली मुठीत घ्यावी की तशीच धरावी, हे त्याला कळेना.

डॉक्टर भले गृहस्थ. वातावरण हलकं करायला ते म्हणाले, "वयोमानाने होतं असं. आणि वहिनी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. गाडीत काडीचा दोष नाही. मीच मागच्या आठवड्यात चालवलीय."

वहिनींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या सवयीने पुढच्या चाकापाशी बसल्या होत्या आणि त्यांचा तळहात चाकावर होता. तो तिथेच राहिला. डॉक्टरांची गाडी आत आली की तिच्या चाकाला बराच वेळ बोट लावायची सोय नसे, इतकं ते तापलेलं असे. इथे हात आरामात टेकला होता. आत पॅड जिला धरतात त्या डिस्कला त्यांनी बोटाचं टोक लावून पाहिलं. जेमतेम कोमट. टायर पाहिला. नव्या टायरवर साच्यातून येणारे रबराचे बारीक केस असतात, ते कडेला तसेच उभे होते.

त्यांना सगळं एका झटक्यात कळलं. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. तापायचे तर दाणकन ब्रेक मारावे लागतात, वळणामागून वळण. डॉक्टर मारायचे, म्हणून त्यांच्या पायाखाली ते गोठल्यासारखे धरायचे. बाबांनी आयुष्य घालवलं होतं ते नेमकं तसं न मारण्यात. त्यांच्या पायाखाली ते पॅड शेवटपर्यंत थंड राहिले, टायरही थंड राहिले, हवा वाढायची ती वाढलीच नाही. वहिनींनी बाबांचं वजन कपासकट मोजलं होतं. पाय मोजायचा राहून गेला होता.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. डॉक्टरांनी वाट करून दिलीच होती. मागे उभी असलेली सगळी माणसं आपली गाडी याच हातांत देत होती, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय कमी पडला यावर सगळ्यांचा विश्वास बसला होता. वहिनींना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या उठल्या.

"किल्ली परत दे त्यांना."

"अगं, पण..." नवरा म्हणाला.

"त्यांचा पाय कमी पडला नाही. चूक माझी आहे. त्यांच्या पायाला जे कधीच तापणार नाहीत असे पॅड मी लावले. डॉक्टरांसाठी ते उत्तम आहेत. बाबांना मी बिनब्रेकची गाडी दिली."

कठड्याजवळच्या दोघातिघांनी नकळत आपापल्या गाड्यांकडे पाहिलं.

आणि मग जे झालं ते वहिनींना अजिबात अपेक्षित नव्हतं. कुणी त्यांच्यावर विश्वासच ठेवला नाही.

"वहिनी, तुमचं मन मोठं आहे," डॉक्टर म्हणाले.

"बाबांना वाचवायला बोलतेयस तू," नवरा म्हणाला. "मला कळतं ते."

"सूनबाई," बाबा म्हणाले, "माझ्यापायी अंगावर ओढून घेऊ नकोस. तुझा धंदा आहे."

वहिनी कधी चुकतच नाहीत, तर आज कशा चुकतील? इतकी वर्षं त्यांनी स्वतःच हे लोकांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि आता ते काही केल्या निघेना. त्यांनी कपाळावर हात मारला.

"डॉक्टर, तो जॅक द्या इकडे!"

त्यांनी तिथेच, उन्हात, चाकं काढली. खडी झटकली. शर्यतीचे पॅड उचकटून काढले आणि हत्यारांच्या पेटीतले ते जुने साधे पॅड पुन्हा बसवले. टायरमध्ये हवा भरून रस्त्यावर असते तेवढी केली. शॉकअप कडक-मऊ करायचे खटके मऊ बाजूला फिरवले. त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. काम संपल्यावर हात पुसत त्या बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"चला."

"मी नाही बसत."

"बाबा..."

"नाही म्हटलं ना. एकदा झालं ते पुरे." बाबांनी हात पाठीमागे घेतले होते. त्यांना खरंच पटलं होतं की आपण संपलो. हे पाहिलं आणि वहिनी वळल्या.

त्यांनी दुसरं हेल्मेट घेतलं, डोक्यावर चढवलं, गाडीचं पलीकडचं दार उघडलं आणि बाबांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टा ओढून घट्ट केला.

"अगं, तू कुठे चाललीस?" नवरा किंचाळलाच.

"फेरी मारायला." मग खिडकीतून बाबांना म्हणाल्या, "येताय का? इथे आत भट्टी झालीय. तुम्ही आल्याशिवाय मी उतरायची नाही, आणि मी किती हट्टी आहे ते तुमच्या मुलाला विचारा."

"विचारायला कशाला हवं?" बाबा पुटपुटले. त्यांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. मग आले, बसले.

पहिली फेरी गेली, दुसरी गेली. वहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मग तो सरळ रस्ता आला आणि त्या म्हणाल्या, "मघाशी होता तेवढा वेग."

"सूनबाई..."

"तेवढाच. दाबा."

गाडी धावत सुटली. वळण अंगावर येऊ लागलं. बाबांनी मघाच्याच जागी ब्रेकवर पाय ठेवला, मघासारखाच, लांबून आणि हलका. आणि गाडी ऐकू लागली. धक्का नाही, नाक खाली नाही, वेग फक्त उतरत गेला, भरल्या भांड्यातलं पाणीही हिंदकळलं नसतं असा. गाडी वळणात शिरली, वळणाच्या आतल्या कडेला जिथे टेकायला हवी तिथे टेकली आणि बाहेर पडली. खडी आपल्या जागी राहिली. इतका सुंदर ब्रेक आपल्या कुठल्याच गिऱ्हाइकाला कधी लागला नाही, हे वहिनींना त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि अभिमानाने आणि शरमेने त्यांचे डोळे एकदमच भरून आले. हेल्मेटमुळे पुसताही येईनात.

बाबांनी आणखी तीन फेऱ्या मारल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी आत येऊन थांबली तेव्हा नवरा कठडा ओलांडून आला होता. औषधांची पेटी पलीकडेच राहिली होती. त्याने खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "बाबा, आत्या वाट बघत असेल उद्या," एवढंच तो म्हणाला, आणि तेही तिसरीकडे बघत. बाबांनी त्याचा हात क्षणभर धरून ठेवला.

तो गेल्यावर दोघं तशीच आत बसून राहिली. इंजिन बंद होतं. बाबांनी हेल्मेट काढलं, मांडीवर घेतलं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. पेडल लाकडावर दाबल्यासारखं लागत होतं."

वहिनींनी गर्रकन मान वळवली. "आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू केलेलं होतं. म्हटलं, तू चुकायची नाहीस. माझाच पाय म्हातारा झाला असेल."

वय किंवा फाटकाचा तो खांब, यांतलं काहीच बाबांना खडीत घेऊन गेलं नव्हतं. त्यांना त्यांच्या स्वतःच्या पायावर संशय घ्यायला लावलं होतं ते सुनेच्या खात्रीने. वहिनींनी बाबांचा हात धरला आणि घट्ट दाबला.

"यापुढे गाडीत जरा काही वाटलं, की मला सांगायचं. तिथल्या तिथे."

"तू चिडतेस."

"चिडेन. तरी सांगायचं."

बाबांनी विचार केला. टाचेने गाडीच्या तळावर दोनदा टकटक केलं, बाहेर पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

"मग सांगतो. डावीकडचं मागचं चाक वळणात जरा उशिरा बसतंय."

"शक्य नाही," वहिनी ताडकन म्हणाल्या. "मी स्वतः..."

बाबा शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिले.

वहिनी चिडल्या. चांगल्याच चिडल्या. आणि दार आपटून जॅक आणायला गेल्या.